कॉफी रूम की बारमागची खोली? १८९८ सालचं एका सायकलस्वार बाईंचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ऑकम नावाचं गाव आहे. तिथल्या होबॉय हॉटेलात २७ ऑक्टोबर १८९८ रोजी एका सायकलस्वार बाईंना जेवण कुठल्या खोलीत वाढायचं यावरून वाद झाला आणि सहा महिन्यांच्या आत तो वाद फौजदारी कोर्टात उभा राहिला. बाईंनी स्कर्ट घातला नव्हता. गुडघ्याखाली आवळलेली ढगळ निकरबॉकर आणि वर आखूड कोट असा त्यांचा वेश होता. निकाल त्यांच्या विरोधात गेला.

स्त्रियांच्या पेहरावाचा इतिहास सांगताना हा खटला बहुतेक वेळा एक गमतीचा किस्सा म्हणून उरकला जातो. मला त्यात गंमत कमी आणि शिकण्यासारखं जास्त दिसतं. बाजू न्यायाची होती, पैसा होता, नाव होतं, पाठीशी मोठी संघटना होती, तरी हार पत्करावी लागली. ती का, हे उलगडून पाहण्यासाठी ही मांडणी.

या प्रकरणातल्या बाई म्हणजे लेडी हार्बर्टन, त्या काळच्या सार्वजनिक जीवनातलं प्रसिद्ध नाव. हॉटेलच्या मालकीणबाईंचं नावही कोर्टाच्या नोंदीत आहे, पण ते इथे घेत नाही. त्या आपला धंदा सांभाळत होत्या, आणि त्यांच्या जागी त्या वेळचे कितीतरी हॉटेलवाले तसेच वागले असते.

पार्श्वभूमी

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल बाजारात आली: दोन्ही चाकं जवळजवळ सारख्या उंचीची, चेनने मागचं चाक फिरवणारी. १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलवर बसायचं तर धाडस लागे. आता कोणीही बसू शकत होतं, बायकासुद्धा. १८९५ ते १८९७ या काळात इंग्लंडमधल्या वरच्या वर्गाला सायकलीचं अक्षरशः वेड लागलं.

अडचण कपड्यांची होती. घोट्यापर्यंत येणारा घेरदार लोकरी स्कर्ट, आत परकरांचे थर, कमरेला कॉर्सेट. वाऱ्याने स्कर्ट फुगायचा, पावसाने जड व्हायचा, चेनमध्ये नाही तर मागच्या चाकाच्या तारांमध्ये अडकायचा. त्यात अडकून बायका पडत, जखमी होत. यावर कारखानदारांनी उपाय केला तो सायकलीत. मधला आडवा दांडा खाली वाकवला, चेनला आवरण घातलं, मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी ताणली. या सगळ्याने सायकल जड झाली. थोडक्यात, कपड्याला हात लावायचा नाही म्हणून यंत्र बदललं. शिंपिणींनी आपल्या परीने स्कर्टच्या काठात शिशाची वजनं शिवली, कुठे पायात अडकवायचे इलॅस्टिकचे पट्टे लावले.

कपडाच बदला, असं म्हणणाऱ्या बायकाही होत्या. अमेरिकेत १८५१ साली अमेलिया ब्लूमर यांनी आखूड झग्याखाली तुर्की पद्धतीच्या विजारीचा पुरस्कार केला आणि टवाळीला कंटाळून त्या वेशाच्या पुरस्कर्त्यांनी काही वर्षांत तो सोडला. लंडनमध्ये १८८१ साली रॅशनल ड्रेस, म्हणजे सोयीच्या आणि सुटसुटीत पोशाखाचा प्रचार करणारी रॅशनल ड्रेस सोसायटी स्थापन झाली. लेडी हार्बर्टन तिच्या अध्यक्षा. बाईच्या आतल्या कपड्यांचं एकूण वजन सात पौंडांच्या, म्हणजे सव्वातीन किलोंच्या वर जाऊ नये, ही या सोसायटीची माफक मागणी. मागणी एवढी माफक होती, यावरून आधी काय वजन अंगावर वागवलं जात असेल याचा अंदाज करा.

१८९३ मध्ये ब्रायटनची टेसी रेनॉल्ड्स, वय १६, निकरबॉकर घालून लंडनला जाऊन परत आली. अंतर सुमारे १९० किलोमीटर, वेळ साडेआठ तास. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती प्रामुख्याने निकरबॉकरची. १८९७ च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदव्या द्याव्यात का यावर मतदान झालं, तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या, विजारवाल्या बाईचा पुतळा सिनेट हाउससमोर टांगला. शिकलेली बाई आणि सायकलवरची बाई या दोघींवरचा राग एकाच चित्रात मावत होता.

आता या प्रकरणातली तिसरी बाजू, सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब. १८७८ ची ही संस्था. १८९९ पर्यंत सभासदांची संख्या ६० हजारांवर गेली होती. क्लब गावोगावच्या हॉटेलांशी करार करी. सभासदांना ठरलेल्या दरात जेवण-मुक्काम मिळे आणि हॉटेलला पंख लावलेल्या चाकाची पाटी मिळे. होबॉय हे क्लबच्या यादीतलं हॉटेल होतं आणि लेडी हार्बर्टन क्लबच्या सभासद होत्या. लंडनहून रिपली गावाकडे जाणारा रस्ता सायकलस्वारांचा लाडका, आणि ऑकम रिपलीच्या शेजारीच. तिथे सायकलस्वार ही काही नवलाई नव्हती.

क्लबचा स्वतःचा गणवेशही होता, बायकांसाठीसुद्धा. १८८० च्या दशकातल्या त्या गणवेशात निकरबॉकर होती, पण स्कर्टच्या आत. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

दारात काय झालं

लेडी हार्बर्टन तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी दुपारचं जेवण मागितलं. कॉफी रूम म्हणजे हॉटेलातली बऱ्या घरच्या पाहुण्यांची जेवणाची खोली. मालकीणबाईंनी त्यांचा वेश पाहिला आणि या कपड्यांत कॉफी रूममध्ये बसवणार नाही, असं सांगितलं. जेवण हवं असेल तर बारमागच्या खोलीत मिळेल. लेडी हार्बर्टन यांनी ती खोली पाहिली. त्यांच्या साक्षीप्रमाणे तिथे कामकरी पुरुष बसलेले होते, धूर होता, दारूचा उग्र वास होता. त्या तिथे बसल्या नाहीत आणि निघून गेल्या.

प्रसंग एवढाच. कोणी कोणाला ढकललं नाही, शिवी दिली नाही. रस्त्यावर या वेशातल्या बायकांना शिट्ट्या, टोमणे, कधी चिखल आणि दगडसुद्धा खावे लागत. त्या मानाने इथला नकार शांतपणे दिलेला होता.

नेमका प्रश्न काय होता

वरवर पाहता प्रश्न पोशाखाचा. पण पुरुष सायकलस्वार निकरबॉकर घालूनच येत आणि कॉफी रूममध्येच जेवत. त्यांच्या क्लबच्या गणवेशातही ती होती. तेव्हा कापड, शिवण, लांबी यांपैकी कशावरही आक्षेप नव्हता. बाईला दोन पाय आहेत हे उघड दिसतंय, यावर आक्षेप होता.

मराठी वाचकाला यातलं वेडेपण पटकन लक्षात येईल. त्याच वर्षांत आपल्याकडे नऊवारीचा कासोटा हाच घरंदाजपणाचा वेश होता. दोन पायांत विभागून नेसलेलं लुगडं ही शिस्त, सोवळ्या-ओवळ्यातही कासोट्यालाच मान. पुढे गोल पातळ आलं तेव्हा नाकं मुरडली गेली ती त्याच्याकडे पाहून. सरेमध्ये पाय वेगळे दिसले की बाई बिघडली, पुण्यात पायांवरून गोल वस्त्र आलं की बाई बिघडली. आक्षेपाला कुठल्याही आकाराचा कपडा चालतो.

कायद्याच्या भाषेत मात्र प्रश्न वेगळा होता. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्याप्रमाणे उतारूंसाठी हॉटेल चालवणाऱ्याने प्रवाशाला योग्य कारणाशिवाय अन्न आणि निवारा नाकारणं हा गुन्हा ठरतो. बाईंच्या हाती हत्यार होतं ते हेच, आणि ते पोशाखाविषयी एक अक्षरही बोलत नव्हतं.

समोरचे पर्याय

दारात उभ्या असलेल्या लेडी हार्बर्टन यांच्यापुढे तीन वाटा होत्या. बारमागच्या खोलीत बसून जेवायचं, निघून जायचं, किंवा स्कर्ट चढवायचा. ही तिसरी वाट तेव्हाच्या अनेक बायका वापरत. हँडलला स्कर्टची गुंडाळी बांधलेली असे. गावाबाहेर निकरबॉकर, गाव आलं की स्कर्ट. काहींनी यात फार हुशारी दाखवली. ॲलिस बायग्रेव्ह या लंडनच्या शिंपिणीने १८९५ मध्ये अशा स्कर्टचं पेटंट घेतलं, ज्याच्या पुढच्या आणि मागच्या शिवणीत दोऱ्या लपवलेल्या होत्या. कमरेपाशी दोरी ओढली की स्कर्ट दोन्ही बाजूंना चुण्या होऊन वर जाई, सैल सोडली की पुन्हा घोट्याशी. पडदा वर-खाली करावा तसं. येगर या नामांकित कंपनीने ते स्कर्ट विकले. बायग्रेव्हबाईंविषयी मला मनापासून आदर वाटतो. समाज बदलेपर्यंत थांबायला ज्यांना वेळ नव्हता, अशा बायकांना त्यांनी त्याच आठवड्यात रस्त्यावर आणलं. पण लेडी हार्बर्टन यांना हा मार्ग नको होता, आणि त्यांचंही बरोबर होतं. लपवलं की त्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे, असं कबूल केल्यासारखं होतं. जी बाई १७ वर्षं या प्रश्नावर सभा घेत आली होती, तिने दारात स्कर्ट चढवणं शक्यच नव्हतं.

क्लबपुढचे पर्याय जास्त मोकळे होते. हॉटेलला समज देणं. यादीतून नाव काढून पाटी परत घेणं. दिवाणी दावा लावून भरपाई मागणं. किंवा मालकीणबाईंवर फौजदारी खटला भरणं.

मालकीणबाईंपुढेही पर्याय होते, हे विसरायला नको. एखादी वेगळी खोली देता आली असती, कॉफी रूमच्या कोपऱ्यातलं टेबल देता आलं असतं. पण त्यांचा हिशेब सरळ होता. कॉफी रूममधली बाकीची गिऱ्हाइकं उठून गेली तर नुकसान त्यांचं. शिवाय त्या स्वतः बाई होत्या, सार्वजनिक ठिकाणी धंदा करणाऱ्या. ‘तिथे तसल्या बायका येतात’ ही कुजबुज बाईच्या हॉटेलला पुरुषाच्या हॉटेलपेक्षा जास्त महागात पडते.

काय केलं गेलं

क्लबने फौजदारी मार्ग निवडला आणि खर्चही उचलला. प्रवाशाला जाणूनबुजून अन्न नाकारल्याचा आरोप ठेवला गेला. ५ एप्रिल १८९९ रोजी किंग्स्टन-अपॉन-टेम्स इथे क्वार्टर सेशन्स, म्हणजे दर तिमाहीला भरणाऱ्या परगण्याच्या कोर्टात ज्यूरीपुढे सुनावणी झाली. ज्यूरीत एकही स्त्री नव्हती. ते दार इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने उघडलं.

फिर्यादी बाजूचा सगळा भर बारमागच्या खोलीवर पडला. ती खोली सभ्य बाईने बसण्यालायक नव्हती, तेव्हा तिथे जेवण देऊ करणं म्हणजे नाकारणंच, अशी मांडणी. बचाव साधा होता: जेवण नाकारलंच नाही, फक्त दुसऱ्या खोलीत देऊ केलं.

निकाल

ज्यूरीने मालकीणबाईंना निर्दोष ठरवलं. अन्न देऊ केलं होतं, मग नाकारलं कुठे? ‘फेल विरुद्ध नाइट’ या १८४१ च्या निवाड्यात आधीच ठरून गेलं होतं की पाहुण्याला योग्य सोय मागता येते, ठरावीक खोलीचा हट्ट धरता येत नाही. हॉटेलवाल्याने खोली निवडावी, पाहुण्याने सोय पाहावी. कॉफी रूमचा खटला या भिंतीवर जाऊन आपटला.

वर्तमानपत्रांनी प्रकरण भरभरून छापलं, रॅशनल ड्रेसचं नाव सगळीकडे झालं. पण हाती काय लागलं हे पाहिलं तर चित्र उदास आहे. पुढच्या हॉटेलवाल्यांना एक तयार युक्ती मिळाली: नाही म्हणू नका, मागची खोली दाखवा. विजारवाल्या बायकांची चळवळही शतक उलटताना विरली. उच्चभ्रूंचं सायकलवेड ओसरलं होतं, मोटारी येऊ घातल्या होत्या. सायकल आता कारकून, शिक्षिका, दुकानात काम करणाऱ्या मुली यांच्या हाती गेली. त्यांनी निकरबॉकर फारशी उचलली नाही. स्कर्ट मात्र आखूड आणि हलका होत गेला. विजार इंग्रज बाईच्या अंगावर मोठ्या प्रमाणात आली ती पहिल्या महायुद्धात, कारखान्यात आणि शेतावर पुरुषांची कामं करावी लागली तेव्हा.

पॅरिसमध्ये गाडी वेगळ्या रुळावरून गेली. तिथे १८०० सालच्या पोलिसी हुकमाने बायकांना पुरुषी वेश घालायला परवानगी लागे. हुकूम रद्द झाला नाही, पण १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी त्याला सूट दिली: बाईच्या हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर विजार चालेल. तत्त्व जागेवर राहिलं आणि बाई सायकलवर बसून निघून गेली. लेडी हार्बर्टन यांनी अशा सवलतीवर समाधान मानलं असतं असं मला वाटत नाही.

निर्णयाच्या जागा: काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा दारातली. लेडी हार्बर्टन यांनी बारमागची खोली नाकारली, ते योग्यच. पण निघण्याआधी तिसरी खोली मागायला हवी होती, कुठलीही, एकान्तातली, कोपऱ्यातली. तीही नाकारली गेली असती तर ‘योग्य सोय नाकारली’ हा आरोप भक्कम झाला असता. दिली गेली असती तर भांडण तिथेच मिटलं असतं, हेही खरं.

दुसरी जागा खटल्याच्या निवडीची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे झाली. क्लबकडे लेडी हार्बर्टन यांच्यासारखी नावाजलेली, उमराव घराण्यातली फिर्यादी आली आणि क्लबने तिचं प्रकरण उचललं. चाचणी खटल्यासाठी, म्हणजे पुढच्या प्रकरणांना पायंडा घालून देणाऱ्या खटल्यासाठी, मोठं नाव लागत नाही, स्वच्छ प्रसंग लागतो. एखाद्या बाईला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, कुठेही काहीही देऊ केलं नाही, अशा प्रकरणापर्यंत थांबायला हवं होतं. १८४१ चा निवाडा वकिलांना ठाऊक असणारच. तो माहीत असून खोलीवरून खटला लढवणं म्हणजे सर्वांत कच्च्या जागेवर पाय रोवणं.

तिसरी जागा मांडणीची. बारमागची खोली वाईट, कारण तिथे कामकरी माणसं बसतात, असा युक्तिवाद करताच फिर्यादी पक्षाने मालकीणबाईंचंच तर्कशास्त्र उचललं. मालकीणबाई म्हणत होत्या की कपड्यावरून माणसाची खोली ठरते. फिर्यादी म्हणत होते की वर्गावरून ठरते, आणि आमच्या बाई वरच्या वर्गातल्या आहेत. दोघांनाही माणसांची वाटणी मान्य होती. भांडण फक्त आपण कुठल्या ढिगात यावर. त्या खोलीत रोज बसणारी माणसं कोण होती, त्यांना तिथे बरं वाटे का, हा विचार या खटल्यात कोणीच केला नाही. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एखाद्या दुकानातल्या मुलीने हीच निकरबॉकर घालून हीच खोली नाकारली असती, तर तिच्यासाठी हा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

चौथी जागा क्लबची स्वतःची. ज्याच्या गणवेशात निकरबॉकर स्कर्टखाली झाकलेली होती, तो क्लब उघड्या निकरबॉकरची वकिली कितपत करणार? पोशाखाच्या प्रश्नावर तटस्थ राहून सभासदाच्या हक्कासाठी लढायचं, असा मध्यममार्ग त्याने काढला. त्याऐवजी करारात एक कलम घालता आलं असतं: सायकलच्या कुठल्याही पोशाखातल्या सभासदाला, स्त्री असो वा पुरुष, कॉफी रूम खुली राहील. ६० हजार गिऱ्हाइकांची पाटी परत जाण्याची भीती ही रिपली रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलला कोर्टाच्या दंडापेक्षा मोठी होती. मात्र असं कलम घालायचं तर आधी क्लबच्या सभासदांमध्ये मतदान घ्यावं लागलं असतं, आणि ६० हजारांतल्या बहुसंख्य पुरुषांनी काय मत दिलं असतं हे सांगणं अवघड आहे. कोर्ट सोपं वाटलं असेल, ते कदाचित यामुळेच.

पाचवी गोष्ट पुराव्याची. त्या दिवशी कॉफी रूममध्ये निकरबॉकर घातलेला एखादा पुरुष बसला होता का? हा प्रश्न १८९९ च्या इंग्लंडमध्ये कायद्याने निरुपयोगी होता, कारण स्त्री म्हणून वेगळी वागणूक देणं हा गुन्हाच नव्हता. आपल्याकडे तो निरुपयोगी नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करण्याला मनाई आहे. पोशाखाचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे ड्रेस कोडचं कारण सांगून एखादीला दारातून परत पाठवलं, तर कपडा चांगला की वाईट यावर वाद घालून फारसं काही साधत नाही. त्याच वेळी, त्याच खोलीत, तसेच कपडे घातलेल्या पुरुषाला बसू दिलं होतं का, हे टिपून ठेवावं लागतं: वेळ, टेबल, जमल्यास फोटो, आणि सोबत असलेल्या माणसाचा लेखी जबाब.